मशीन विकू नका म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून या पत्रात तुम्ही नुसते काका. पैशांचं पाकीटही तुम्ही दोनदा परत केलंत. मग निदान चार लोकांसमोर आभार तरी मानू द्या. साकीनाक्यापासून वागळे इस्टेटपर्यंत कितीतरी गाळ्यांत कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, गेला म्हणून ताडपत्रीखाली पडून असलेली मिलिंग मशीनं आहेत. त्यांच्या मालकांच्याही हे वाचनात यावं, अशी इच्छा आहे.

आमचं मशीन बाबांनी सेकंडहँड घेतलेलं. जड बिडाचं, टेबल मोजून सरकवणाऱ्या डीसी सर्वो मोटरींचं, काचेच्या जुन्या स्क्रीनचं. गाळ्याचं भाडं, दोघांचे पगार, माझं शिक्षण, सगळं त्याच्यावर निघालं. मग कंट्रोलच्या मेमरीची बॅटरी संपली, पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंग, पुसले गेले आणि पाठोपाठ बोर्डही उठेनासा झाला. तसा बोर्ड आता कुठे मिळत नाही. एकाने मोटरी आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हसकट सगळं नवं बसवायचा भाव सांगितला, तो आमच्या आवाक्यात नव्हता. दुसऱ्याने भंगार म्हणून वजनावर भाव सांगितला. बाबा त्या दिवसांत गाळ्यात यायचेच बंद झाले होते.

तुम्ही डोंबिवलीहून घाटकोपरला उतरून मेट्रोने आलात आणि इलेक्ट्रिकल पॅनेलचं दार उघडलंच नाही. मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावलात, टेबल सरकवणारा बॉलस्क्रू हाताने पुढे-मागे फिरवलात आणि तिन्ही अक्षांचा प्ले, म्हणजे ढिलाई, वहीत लिहून घेतलात. टेबलाच्या मधोमध वेगळा, टोकांना वेगळा. स्लाइडवर बोट फिरवून ऑइल पोचतंय का ते पाहिलंत. मग म्हणालात, "अगं, हे लोखंड अजून वीस वर्षं चालेल. विकू नका." बाबांना तुम्ही फोनवर तेच सांगितलंत आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्या आधी गाळ्यात हजर होते. त्या फोनसाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

नंतरची पेन्सिल सेलची परीक्षा मी आता येईल त्याला सांगते. मोटरचं कपलिंग सोडलंत, ड्राइव्ह ऑन केलात आणि त्याच्या कमांडच्या, म्हणजे वेग सांगणाऱ्या सिग्नलच्या, दोन टोकांना दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल लावलात. हे जुने ड्राइव्ह प्लस-मायनस १० व्होल्टच्या कमांडवर चालतात. १० व्होल्टला पूर्ण वेग, तर दीड व्होल्टला साधारण सातवा हिस्सा. मोटर संथ, एकसारखी फिरू लागली. सेल उलटा लावला, ती उलटी फिरली. म्हणजे मोटर, तिचा वेग मोजणारा टॅको आणि ड्राइव्ह, तिघंही जिवंत. कपलिंग आधी का सोडायचं तेही तुम्ही समजावलंत: टॅकोच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर मोटर सुसाट सुटते, आणि तेव्हा तिला टेबल जोडलेलं असू नये. वाय अक्षाची मोटर गचके देत होती. नवा ड्राइव्ह घ्या म्हणून सांगणं सोपं होतं. तुम्ही टॅकोचे ब्रश काढलेत, कार्बनची पूड साफ केलीत आणि ती सुतासारखी सरळ झाली.

ज्या गोष्टी लाखांत जाणार होत्या त्या अशा जागच्या जागी राहिल्या. बदलायचा उरला तो फक्त कंट्रोल. त्यासाठी ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर, लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर आणि कॉम्प्युटरला ड्राइव्हशी जोडणारं मेसा कंपनीचं सेव्हन-आय-सेव्हन्टीसेव्हन कार्ड. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हटल्यावर बाबांना शंका आली होती. तेव्हा तुम्ही त्याचा इतिहास सांगितलात: त्याचं मूळ अमेरिकेच्या सरकारी मापन-संशोधन संस्थेत, निस्टमध्ये आहे, सरकारी काम म्हणून ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि पुढे जगभरातल्या मशीनवाल्यांनी वाढवलं. कार्डावर सहा अक्षांपुरते १० व्होल्टचे आउटपुट, तेवढ्याच एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या चकत्यांची) जोडणी आणि स्विच-रिलेंसाठी २४ व्होल्टचे ३२ इनपुट, १६ आउटपुट. आमच्या तीन अक्षांना भरपूर.

एन्कोडरचा हिशेब तुम्ही खडूने पॅनेलच्या दारावर मांडलात. चकतीवर २५०० रेघा, दोन सिग्नलांच्या चारही कडा मोजल्या की एका फेऱ्यात १०,००० काउंट. स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर, १० मिलिमीटर. एक काउंट म्हणजे एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. इतकी वर्षं या मशीनवर काम करूनही हे आम्हाला कुणी असं उलगडून दाखवलं नव्हतं. तो खडू मी अजून पुसलेला नाही.

सुरक्षेबद्दल तुम्ही कुणाचंच ऐकलं नाहीत, आणि तेच बरोबर होतं. इमर्जन्सी बटण कॉम्प्युटरला जोडून काम भागतं, असं आमचा ऑपरेटर म्हणाला. तुम्ही शांतपणे, पण ठाम सांगितलंत की बटण, टोकाचे लिमिट स्विच आणि ड्राइव्हचे रेडी रिले एकाच २४ व्होल्टच्या साखळीत येतील, साखळी तुटली की कॉन्टॅक्टर पडून ड्राइव्हची वीज तुटेल आणि कॉम्प्युटरला फक्त बातमी मिळेल. "कॉम्प्युटर हँग झाला तरी मशीन थांबलंच पाहिजे. समोर तुमचा मुलगा उभा असणार आहे." झेडचं, म्हणजे वर-खाली होणारं, हेड तपासताना खाली लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय तुम्ही कुणाला ब्रेकची वायर धरू दिली नाहीत. ड्राइव्हने मोटर पकडल्यावरच ब्रेक सुटेल, अशी जोडणी झाल्यावर तो ठोकळा निघाला.

सामानासाठी तुम्ही आमच्या मुलाला सोबत फिरवलंत. लॅमिंग्टन रोडवर पॉवर सप्लाय, रिले, कनेक्टर. लोहार चाळीत कॉन्टॅक्टर, शील्डेड केबल आणि अर्थिंगची तांब्याची पट्टी. केबल हातात घेऊन सालपट सोलून आतली जाळी बघायची, हे तो तुमच्याकडून शिकला. त्या जाळीचं महत्त्व पुढे कळलं. कटर फिरवणारा स्पिंडल सुरू केला की थांबलेल्या एक्स अक्षाचे आकडे स्क्रीनवर थरथरायचे. तुम्ही टेबलावर डायल लावलात, टेबल खरंच हलत होतं. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीची केबल आणि एन्कोडरची केबल एकाच डक्टमधून गेल्या होत्या, कारण जुनी वाट तीच होती. दोन्ही वेगळ्या केल्या, एन्कोडरच्या केबलची जाळी, म्हणजे शील्ड, एकाच टोकाला, तांब्याच्या पट्टीवर अर्थ केलं. स्पिंडल पूर्ण वेगात, आकडे स्थिर.

ट्यूनिंगचा दिवस मला सगळ्यात आवडला. कॉम्प्युटर सेकंदाला १००० वेळा एन्कोडर वाचतो आणि मशीन असायला हवं तिथे आहे का ते पाहतो. जो फरक उरतो तो फॉलोइंग एरर. त्याचा आलेख स्क्रीनवर काढून तुम्ही आधी वेगाचा आकडा बसवलात, मग थोडं थोडं गेन, म्हणजे चूक सुधारण्याचा जोर, वाढवलंत. मोटर गुणगुणायला लागली की एक पाऊल मागे. प्रत्येक बदल बाबांना करायला लावलात. संध्याकाळी ॲल्युमिनियममध्ये गोल भोक मिल करून बोअर गेज फिरवला, तेव्हा बाबांनी वहीतला गोलाईतल्या फरकाचा जुना आकडा काढून शेजारी नवा लिहिला. नवा लहान होता. त्यांच्या त्याच वहीतले प्रोग्रामही किरकोळ फेरफार करून चालतात. मशीनला हुकूम देणारी जी-कोडची भाषा तीच राहिली, याचा त्यांना किती आनंद झाला ते तुम्ही पाहिलंच आहे.

एक गोष्ट मात्र मला विशेष लिहायची आहे. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना फेरूल (धातूची टोपी) आणि नंबर लागेपर्यंत तुम्ही मशीन कामाला लावू दिलं नाहीत. ड्रॉइंग तुम्ही मराठीत काढून घेतलंत, आमच्याच मुलाच्या हातून, आणि चुकलेली पानं पुन्हा लिहायला लावलीत. आज ती फाइल पॅनेलच्या दाराला आतून अडकवलेली आहे. सेटिंगच्या फाइलींची एक प्रत घरी आहे, एक बाबांच्या कपाटात. ज्या हुशारीवर माणसं आयुष्यभर कमावतात ती तुम्ही आम्हाला कागदावर उतरवून दिलीत, आणि परत मला बोलवावं लागू नये अशी तजवीज केलीत. असं वागणारी माणसं मी या धंद्यात फार कमी पाहिली आहेत.

पावसाळाही नीट गेला. तुमच्या सांगण्यावरून पॅनेलची भोकं बंद केली, कूलंटची वाफ आणि बारीक चुरा आत जाणं थांबलं, आणि रात्री मशीन बंद असताना आत छोटा हीटर चालू ठेवतो. बोर्डांवर ओल धरली नाही.

शेजारच्या गाळ्यातल्या लेथचा कंट्रोलही आता कुरकुरतोय. त्यांना मी पेन्सिल सेल देऊन ठेवला आहे आणि आमचं ड्रॉइंग कॉपी करून दिलं आहे. तुमची परवानगी यात गृहीत धरली.

खंडेनवमीला मशीनची पूजा आहे, काकूंना घेऊन नक्की या. बाबांनी स्पिंडलवर एन्कोडर बसवायची प्लेट तयार केली आहे, त्यांना रिजिड टॅपिंग, म्हणजे मशीनवरच भोकात आटे पाडणं, करायचं आहे. पूजा झाली की जेवणाआधी तेवढं एकदा बघून द्याल का? ऑसिलोस्कोप सोबत आणा, उचलायला मुलाला स्टेशनवर पाठवते.

आपली कृतज्ञ,
साकीनाक्याच्या गाळ्यातली सगळी मंडळी