‘मॉकिश’ म्हणजे भावपूर्ण नव्हे

संपादक महोदय,

परदेशी चित्रपटांची परीक्षणे मराठीत आणताना ‘मॉकिश’ (किळस यावी इतके अतिभावुक) हे इंग्रजी विशेषण हमखास दगा देते. त्याचे कधी ‘भावपूर्ण’ होते, कधी ‘हृदयस्पर्शी’. मूळ समीक्षकाने नाक मुरडलेले असते आणि मराठी वाचक मात्र रुमाल घेऊन निघण्याच्या तयारीत!

दुसरी चूक ‘मॉक’मुळे होते. मॉक टेस्ट, मॉक ड्रिल ओळखीचे, म्हणून मॉकिश म्हणजे लुटुपुटीचे किंवा टवाळीचे, असा समज होतो. देवनागरीने या गोंधळात भरच घातली आहे. ब्रिटिश उच्चारात मॉकिशमधला स्वर ‘लॉ’सारखा लांब असतो आणि स्पेलिंग एम-ए-डब्ल्यू-के असे सुरू होते. दोन्ही शब्दांचे नातेगोते काही नाही. मॉकिश आला तो अळी या अर्थाच्या, नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) मुळाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून. मळमळणे हा त्याचा सतराव्या शतकातला अर्थ. पुढे घशाखाली न उतरणाऱ्या, मचूळ चवीलाही तो लागला. मग भावनेवर आला, पण मळमळ काही सुटली नाही. म्हणूनच हा शब्द कौतुकाने कुणी वापरत नाही.

‘सेंटिमेंटल’चे तसे नाही. आजीच्या घड्याळाला सेंटिमेंटल मोल असते. तिथे मॉकिश लिहिले तर आजीचा अपमान. ‘मॉडलिन’ म्हणजे रडवेला, स्वतःचीच कीव करणारा, बरेचदा दारू चढल्यावरचा. तो बायबलमधल्या येशूच्या शिष्येच्या, मेरी मॅग्डालीनच्या, अश्रू ढाळणाऱ्या चित्रांवरून आला (ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजचा उच्चार आजही ‘मॉडलिन’च करतात). नक्राश्रू ढाळणारा तो हिपोक्रिट. मॉकिश लिहिणारा मात्र लबाड असेलच असे नाही. त्याला खरोखर भरून आलेले असते, पण प्रसंगाच्या मानाने फार. इंग्रजी कवी कीट्सने 1818 मध्ये आपल्या ‘एंडिमियन’ या दीर्घकाव्याच्या प्रस्तावनेत हा दोष पोरवय आणि प्रौढपण यांच्या मधल्या, मन खदखदत असतानाच्या काळातून येतो असे म्हटले, तेही स्वतःच्याच कवितेची कबुली देताना.

मराठीत एकच प्रतिशब्द सगळीकडे चालणार नाही. प्रेमगीताला किंवा शुभेच्छापत्रावरच्या ओळींना ‘गुळचट’ चपखल बसतो. मरणाच्या प्रसंगाला तो विचित्र वाटतो. तिथे ‘ओढूनताणून आणलेला गहिवर’ म्हणावे. कोशात पुष्कळदा ‘अतिभावुक’ सापडतो. तो चुकीचा नाही, पण त्यात किळस नाही.

सर्वांत जास्त घसरण होते ती नकारात. ‘मूव्हिंग विदाउट बीइंग मॉकिश’ हे इंग्रजी समीक्षकांचे आवडते वाक्य. त्याचे ‘भावनिक न होता भावस्पर्शी’ असे भाषांतर केले की अर्थच उरत नाही. ‘हेलावून टाकतो, पण गळा काढत नाही’ एवढे लिहिले तरी पुरे.

– एक भाषांतरकार, पुणे