होडी भंगारात का देत नाही

नेरुळ, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं अर्ध्यावर आलं की आई "पाण्यात जाऊ नकोस" सुरू करते, बाबा "भंगारात दे, फायबरची नवी बघ" म्हणतात आणि मग माझा आवाज चढतो. म्हणून लिहिते आहे. दोघांनी शेवटपर्यंत वाचा, मग हवं ते बोला.

बाबा, ते भंगार नाही. 'एन्टरप्राइज' जातीची होडी आहे ती. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसाने १९५६ साली तिचा आराखडा केला. मी हे ठामपणे सांगते, कारण तिची ओळख पटवण्यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आहे आणि तो वाया गेला असं मला मुळीच वाटत नाही. बेलापूरच्या त्या घरामागून ती टेम्पोत घातली तेव्हा ना कागद होता, ना नाव. मालकांच्या मुलांना फक्त जागा मोकळी हवी होती. ज्याने त्याने एकच सल्ला दिला, आधी खरडून काढ आणि रंग मार. मी आधी टेप काढली.

तुम्हाला हे पटेल. तुम्ही दापोडीच्या कारखान्यात एसटीची बॉडी बांधायचात तेव्हा आराखडा ठरलेला असायचा, त्यामुळे एखादी पट्टी गेली तरी दुसरी त्याच मापाची करता यायची. शिडाच्या छोट्या होड्यांचं तसंच आहे. जात कळली की माप कळतं, आणि माप कळलं की हरवलेला भागसुद्धा नव्याने करता येतो. माझ्या होडीला सुकाणूच नव्हतं. जात न ओळखता मी ते केवढं करणार होते?

तर, होडीची नाळ, म्हणजे पुढचं तोंड, टोकदार होती. त्यामुळे चपट्या तोंडाच्या होड्या लगेच बाद झाल्या. म्हणजे मुलं शिकतात ती ऑप्टिमिस्ट, लाल शिडांची मिरर आणि शर्यतीतली फायरबॉल. मग लांबी. फिटिंग सोडून नुसतं अंग मोजलं तर ४.०४ मीटर, आपल्या भाषेत सव्वातेरा फूट. होल्टचीच आधीची जीपी १४ ही नावाप्रमाणे चौदा फुटांची, वेफेअरर त्याहून बरीच मोठी. अंग गोल नाही. प्रत्येक बाजूला प्लायच्या पट्ट्यांचा बाक दोनदा मोडतो, म्हणून काठापासून तळापर्यंत बोट फिरवलं की दोन कडा लागतात. आणि एका गोणीत शीड सापडलं, उंदरांनी कुरतडलेलं, पण निळं, आणि त्यावर तिरपा इंग्रजी ई. निळी शिडं ही एन्टरप्राइजची जुनी खूण.

तरी शीड दुसऱ्याच होडीचं असू शकतं. म्हणून शिडावरचाच नंबर लाकडातही कोरलेला आहे का ते शोधत बसले. अंधार पडल्यावर टॉर्च लाकडाला अगदी चिकटवून आडवा धरला. सरळ उजेडात काही दिसत नव्हतं, पण आडव्या उजेडात सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीमागे रंगाच्या थराखाली खाचांची सावली पडली. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली, आपण लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. आकडे उमटले. शिडावरचे आणि हे एकच! सगळ्यांचं ऐकून आधी मशीन फिरवली असती तर ते आकडे भुशात गेले असते.

जाता जाता एक. ही होडी लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्राच्या पाठिंब्याने निघाली आणि मिररचं नाव 'डेली मिरर'वरून पडलं. आपल्याकडे वर्तमानपत्रं फार तर दिवाळीला कंदील करायला शिकवतात. आणि बाबा, १९८२ च्या एशियाडच्या, म्हणजे तुमची 'एशियाड' गाडी ज्यावरून आली त्याच खेळांच्या, शिडाच्या शर्यती दिल्लीला नव्हे तर मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या. फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्ये सुवर्णपदक घेतलं. तेव्हा हे खूळ काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही.

आता दुखणं. दिवाळे कोळीवाड्यातले एक काका बघायला आले. त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन फळीवर ठकठक करत होडीला एक फेरी मारली. चांगल्या लाकडाचा टणक आवाज येतो, कुजक्याचा बसका. मागच्या फळीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि डोलकाठीच्या बुडाशी आवाज बसला. तिथे टोचा सहज आत गेला. काका म्हणाले, "हिला पावसान कुजवलंय पोरी, समुद्रान नाय." खरं आहे ते. कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारं तितकंसं नाही. ताडपत्री फाटलेली होती आणि पावसाचं पाणी आत साचून राहत होतं.

स्क्रूंची गोष्ट तुम्हाला आवडेल. जुने पितळेचे स्क्रू काढायला गेले तर डोकी हातात आली. मोडलेला भाग पिवळा नव्हता, गुलाबीसर होता, आणि पक्कडीत धरला तर चुरा झाला. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो. वरून मात्र स्क्रू शाबूत दिसतो. आता सगळे ३१६ स्टेनलेसचे घालते आहे.

तुमच्या फायबरबद्दल. रबाळ्यात आमच्या गाळ्याशेजारीच एफआरपीचं, म्हणजे फायबरचंच, काम चालतं. ते म्हणाले, वरून मॅट आणि रेझिन मारून देतो, दोन दिवसांत नवी. मी नको म्हटलं. आतलं लाकूड ओलं असताना वरून झाकलं तर ओल आतच राहते आणि कुजणं चालूच राहतं. शिवाय साधं पॉलिएस्टर रेझिन जुन्या लाकडाला एपॉक्सीइतकं (ते हार्डनर मिसळून लावायचं दुसरं रेझिन) धरत नाही, काही वर्षांनी पापुद्रा सुटतो. वजन वाढतं ते वेगळंच. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि तिथे नवा तुकडा तिरप्या सांध्याने बसवायचा, दुसरा सरळ उपाय नाही. जाडीच्या आठपट उतार, म्हणजे ६ मिलीमीटरच्या प्लायला ४८ मिलीमीटर. पहिला सांधा रद्दी प्लायवर करून पाहिला, मग होडीला हात लावला.

प्लाय तुर्भ्याहून आणला. दुकानात सगळ्याच प्लायला 'मरीन' म्हणतात, म्हणून आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघितला, कापलेल्या कडेला थरांमध्ये पोकळी नाही ना तेही बघितलं. त्या मानकात प्लाय ७२ तास उकळून तपासतात. माझ्याकडे तेवढा गॅस नाही, पण एक तुकडा दुपारभर उकळला. थर सुटले नाहीत. आई, तुझं जुनं पातेलं वापरलं आहे, ते आता स्वयंपाकात घेणार नाही, हेही लिहून टाकते.

पावसाळाभर एपॉक्सीला हात लावला नाही. दमट हवेत त्यावर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. आता हवा कोरडी झाली आहे. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून घेते. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातलं तर ते कायमचं मऊ राहतं.

बाबा, माझं काम अडलंय ते डोलकाठीपाशी. ती ॲल्युमिनियमची आहे आणि तिच्यावर स्टेनलेसची फिटिंग रिव्हेटने बसवलेली आहेत. दोन धातूंमध्ये खारं पाणी गेल्यामुळे फिटिंगखाली पांढरी भुकटी धरली आहे आणि भोकं मोठी झाली आहेत. जुने रिव्हेट ड्रिल करून काढायचे, मध्ये काहीतरी लेप किंवा पट्टी घालून दोन धातू वेगळे ठेवायचे, एवढं मला कळलं. पण भोक फाकलं असेल तर मोठ्या मापाचा रिव्हेट घालायचा की फिटिंग थोडं वर सरकवून नवी भोकं पाडायची? हे मला कोणी खात्रीने सांगत नाही. तुम्ही जन्मभर हेच केलंत. मी फोटो पाठवू शकते, पण तुम्ही नखाने खरवडून जे ठरवाल ते फोटोवरून ठरणार नाही.

आई, आता तुझं. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासत नाही, वॉटर पेपर लावते, मास्कही लावते. होडीत हवेच्या पिशव्या बांधायच्या आहेत, म्हणजे उलटली तरी बुडणार नाही. आधी उथळ पाण्यात मुद्दाम उलटवून बघणार. लाइफ जॅकेट घेतलं आहे. एकटी जाणार नाही, आणि शिकवणारा बरोबर असल्याशिवाय तर नाहीच. खाडीत उधाणाच्या भरतीला पाणी खूप चढतं आणि ओहोटीला त्याच वेगाने जातं, उरतो तो मांडीभर चिखल. त्यामुळे निघायची वेळ मी नाही, भरतीचं कोष्टक ठरवणार. वरच्या अंगाला फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, २०१५ पासून. तिकडे होडी न्यायची नाही. कुठून सोडायची आणि परवानगी कोणाची, ते ठरल्याशिवाय पाण्याला लावणार नाही. तू ज्याला घाबरतेस त्यातल्या निम्म्या गोष्टींना मीही घाबरते. उरलेल्या निम्म्या, म्हणजे मगर वगैरे, सोडून दे.

पुढच्या आठवड्यात या. एसटीनेच याल हे माहीत आहे, तर नेरुळला एलपीच्या स्टॉपवर उतरा, मी गाडी घेऊन येते. बाबा, रिव्हेट गन आणा, तुमचीच, इथली हलकी आहे. ड्रिल बिट आणू नका, ते मी घेतले आहेत. आईला गाळ्यावर बसायला खुर्ची आहे, पंखाही आहे.

तुमची,
मनू

ता. क. डोलकाठीच्या तारा तपासताना हात फिरवू नका, जुनं सुती फडकं फिरवा. तुटलेला धागा असेल तर फडकं अडकतं. मी दोन ठिकाणी खडूने खूण केली आहे, तीही बघून सांगा.