प्लेटलेट कमी असलेल्या मुलाची पाठदुखी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डेंग्यूच्या साथीत प्लेटलेटच्या, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तपेशींच्या, आकड्यांची चर्चा घरोघरी होते. परंतु लहान मुलांत सर्दी-तापासारखा विषाणूजन्य आजार होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी अंगावर एकाएकी लाल-जांभळे ठिपके उमटतात, तो ‘आयटीपी’ हा आजार वेगळा आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते आणि एरवी दीड ते साडेचार लाख असणारी त्यांची संख्या अनेकदा 20 हजारांच्याही खाली येते. तरीही बहुतेक मुले 6 महिन्यांत बरी होतात, आणि रक्तस्राव त्वचेपुरताच असेल तर औषध न देता केवळ लक्ष ठेवण्याचा डॉक्टरांचा सल्ला योग्यच असतो.

या मुलांत अत्यंत क्वचित मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होतो. हाडांनी वेढलेल्या त्या अरुंद जागेत साचलेले रक्त मज्जारज्जूवर दाब देते, आणि बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. मोठे मूल पाठ किंवा मान अचानक दुखते असे सांगते. तान्हे बाळ उचलून घेताच किंचाळते, चालणारे मूल पाय टेकायला तयार होत नाही. पुढे काही तासांत, कधी काही दिवसांत पाय लुळे पडतात, लघवी अडते.

नेमक्या याच वेळी आपल्याकडे पाठ लचकली असे समजून तेल लावून चोळतात, घरातले आयब्युप्रोफेन देतात किंवा कमरेत इंजेक्शन देऊन आणतात. प्लेटलेट कमी असताना यांतले काहीही करू नये. आयब्युप्रोफेनमुळे तर उरलेल्या प्लेटलेटचे कामही मंदावते. साध्या एक्स-रेत साचलेल्या रक्ताची ही गाठ दिसत नाही, एमआरआयच लागतो. पायांतली शक्ती जात असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. आणि चढवलेल्या प्लेटलेटही शरीर झपाट्याने नष्ट करत असल्याने त्यांच्या जोडीला प्रतिकारशक्तीचा हा हल्ला आवरणारी इम्युनोग्लोब्युलिन व स्टिरॉइड ही औषधे द्यावी लागतात. हे सारे तालुक्याच्या गावी मिळणे कठीण, म्हणून अशी लक्षणे दिसलेल्या मुलाला निरीक्षणाखाली ठेवण्यात वेळ न दवडता, मेंदू व मणक्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयाला आधी फोन करून तत्काळ तिकडे पाठवावे.

मणक्यात रक्तस्राव होईल याच भीतीपोटी, प्लेटलेट कमी असलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांचे पालक पाठीतून पाणी काढण्यास (म्हणजे मणक्यात सुई घालून तिथला द्रव काढण्यास) नकार देतात, तेही मला चिंतेचे वाटते. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 956 मुलांवरील 5,223 प्रक्रियांत, ज्यांतल्या अनेक प्लेटलेट कमी असतानाच्या होत्या, एकही गंभीर गुंतागुंत आढळली नाही. प्लेटलेट किती असताना ती करावी, हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांवर सोपवावे.

आयटीपीच्या मुलाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर ‘डोक्याला मार लागू देऊ नका’ ही सूचना बहुधा असते. तिच्याखाली ‘पाठ किंवा मान अचानक दुखू लागल्यास, पायांत अशक्तपणा आल्यास अथवा लघवी अडल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठा’ एवढे वाक्य मराठीत छापावे, आणि त्या कागदाची एक प्रत पालकांनी मुलाच्या वर्गशिक्षकांकडे द्यावी, अशी माझी सर्व बालरुग्णालयांना कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ वाचक