दीड टनाच्या गाडीला साडेसात टनांचा हप्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण विदर्भात माल पोहोचवणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्यांच्या विमा हप्त्याविषयी काही गोष्टी आपल्या दैनिकातून मांडाव्यात, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात माझी स्वतःची एक मालवाहू गाडी आहे. सकाळी तालुक्याहून किराणा, औषधे आणि पार्सले घेऊन गावोगावी जायचे आणि परतीच्या खेपेला मिळेल तो शेतमाल आणायचा, असा हा व्यवसाय आहे. घाटंजी, राळेगाव, वणी, हिंगणघाट या बाजूला अशा गाड्यांवर पोट असलेली घरे गावागणिक सापडतील. डिझेलचा भाव वाढला की त्याची चर्चा चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत होते. विम्याचा विषय मात्र वर्षातून एकदा, पॉलिसी संपायच्या आठवड्यात निघतो आणि पैसे भरून झाले की मागे पडतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो तो विमा सक्तीचा आहे. ही सक्ती योग्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या रस्त्यांवर दिवेलागणीला बैलगाड्या असतात, शेतातून परतणाऱ्या मजूर बायका असतात, सायकलवरची शाळकरी मुले असतात. त्यांच्यापैकी कोणाला गाडीचा धक्का बसला तर भरपाई मिळण्याचा भरवशाचा मार्ग हा विमाच आहे. गाडीला विमा नसेल तर त्या कुटुंबाच्या हाती न्यायाधिकरणाचा निवाडा येतो, पण पैसे येत नाहीत, कारण ज्याच्याकडून ते वसूल करायचे त्याच्याकडेही गाडीखेरीज काही नसते. म्हणून विमा हवाच. माझी तक्रार हप्त्याची आकारणी ज्या रीतीने होते तिच्याविषयी आहे.

थर्ड पार्टी विम्याचा दर विमा कंपनी ठरवत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून तो अधिसूचनेद्वारे जाहीर करते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात, भाड्याने माल वाहणाऱ्या चारचाकी व त्याहून मोठ्या गाड्यांसाठी पहिला टप्पा ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचा आहे आणि त्याचा वार्षिक हप्ता १६,०४९ रुपये आहे. एकूण वजन म्हणजे गाडीचे स्वतःचे वजन आणि तिच्यात भरता येणारा माल हे दोन्ही मिळून. आमच्याकडे ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात, त्या गाडीचे हे वजन दीड टनाच्या आसपास भरते आणि ती साधारण पाऊण टन माल नेते. सात टनांचा ट्रकही याच टप्प्यात येतो, त्यामुळे दोघांच्याही मालकांना एकच रक्कम भरावी लागते. त्यापुढे मात्र दर वजनाप्रमाणे चढत जातात: १२ टनांपर्यंत २७,१८६ रुपये, २० टनांपर्यंत ३५,३१३ रुपये. याचा अर्थ असा की वजन वाढेल तसा हप्ता वाढावा, हे तत्त्व सरकारने मोठ्या गाड्यांपुरते मान्य केलेले आहे. सगळ्यात लहान गाडीपर्यंत ते येऊन पोहोचलेले नाही.

याच दरपत्रकात मालवाहू तीनचाकीचा हप्ता ४,४९२ रुपये आहे. तीनचाकी आणि छोटा हत्ती आमच्या बाजारपेठेत एकाच दुकानासमोर उभे राहून एकाच प्रकारचा माल भरतात. मालात थोडा फरक असतो, हप्त्यात मात्र साडेतीन पटींहून अधिक. त्याहून डोळ्यांत भरणारी तुलना मारुती ईकोची आहे. ही गाडी प्रवासी म्हणून घरगुती वापरासाठी घेतली, तर तिच्या इंजिनाच्या क्षमतेनुसार थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ रुपये येतो. तीच गाडी मागची आसने नसलेल्या मालवाहू प्रकारात घेऊन भाड्याने चालवली, की १६,०४९ रुपये होतात. भाड्याची गाडी रस्त्यावर जास्त वेळ असते आणि म्हणून तिची जोखीम जास्त, हे मला मान्य आहे. पण ती पावणेपाच पटींच्या जवळ जाते, असे मानायला काही आधार असेल तर तो लोकांसमोर आला पाहिजे.

या तफावतीचा परिणाम आमच्या भागात रोज दिसतो. पांढऱ्या नंबरप्लेटच्या घरगुती गाड्यांतून पार्सले आणि किराणा वाहण्याचे प्रमाण वाढले आहे. काही जण मधला मार्ग काढतात. केवळ स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीसाठी हाच हप्ता ८,५१० रुपये, म्हणजे जवळपास निम्मा आहे, तेव्हा दुकानदार म्हणून तशी पॉलिसी घ्यायची आणि हंगामात शेजाऱ्याचा कापूस किंवा संत्र्यांचे कॅरेट भाड्याने न्यायचे. एजंटही याला हरकत घेत नाही, कारण त्याला नूतनीकरण हातचे घालवायचे नसते. अपघात झाला की मात्र पॉलिसीवरील वापराच्या मर्यादेची ओळ वाचली जाते. गाडीच्या नुकसानीचा दावा तेव्हाच फेटाळला जातो आणि जखमीला दिलेली भरपाईसुद्धा कंपनी पुढे मालकाकडून वसूल करू शकते. काही हजार रुपये वाचवायला गेलेल्या माणसाच्या शेतीपर्यंत ही वसुली येऊ शकते, याची कल्पना त्यांपैकी फार थोड्यांना असते. मी अशा लोकांचे समर्थन करत नाही. परंतु दराची रचनाच अशी आहे की प्रामाणिकपणे पिवळी नंबरप्लेट लावून योग्य पॉलिसी घेणारा माणूस भाड्याच्या स्पर्धेत मागे पडतो आणि नियम मोडणारा स्वस्तात खेप मारून जातो.

एवढे पैसे भरून पदरात काय पडते, हेही सांगितले पाहिजे. १६,०४९ रुपये हा केवळ थर्ड पार्टीचा भाग झाला. गाडी कर्जाऊ असेल तर बँक किंवा फायनान्स कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा घ्यायला लावते. शिवाय मालक स्वतः गाडी चालवत असेल तर १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचे आहे. हे सगळे जोडून माझा या वर्षीचा आकडा बावीस हजारांच्या पुढे गेला. गेल्या हिवाळ्यात रात्री परतताना उमरीच्या अलीकडे रानडुकरांचा कळप आडवा आला आणि गाडीचा बंपर, डाव्या बाजूचा दिवा आणि मडगार्ड चेमटले. विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला. नंतर कळले की मालवाहू गाड्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम यांचे नुकसान, गाडी पूर्ण निकामी झाल्याखेरीज, धरलेच जात नाही. त्यासाठी वेगळा हप्ता देऊन आयएमटी २३ नावाची पुरवणी जोडून घ्यावी लागते. घरगुती कारला ही अट नाही. रानडुक्कर, नीलगाय किंवा रस्त्यावर बसलेली गुरे आडवी आली तर गाडीचा पुढचाच भाग जातो, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे या भागात जे नुकसान सर्वाधिक संभवते, तेच मूळ पॉलिसीतून वगळलेले आहे आणि पैसे घेताना हे कोणी सांगत नाही. वाचकांपैकी ज्यांच्याकडे मालवाहू गाडी आहे त्यांनी आपली पॉलिसी आजच काढून तिच्यावर हा क्रमांक आहे की नाही, ते पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक बाब कापूस वेचणीच्या दिवसांतली आहे. मालवाहू गाडीच्या मागे बसून जाणाऱ्या मजुरांना थर्ड पार्टी विम्याचे संरक्षण मिळत नाही; मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी तेवढा त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात ही बाब स्पष्ट केल्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही पहाटे मजूर बायकांनी भरलेल्या पिकअप दिसतात आणि 'इन्शुरन्स आहे ना' एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते.

हप्ता एकरकमी भरावा लागतो, ही आमची दुसरी मोठी अडचण आहे. आमच्याकडे गाड्या बहुधा दसऱ्याला किंवा पाडव्याला घेतल्या जातात, त्यामुळे पॉलिसीही दरवर्षी त्याच सुमारास संपते. दसऱ्याच्या वेळी सोयाबीन निघत असते, भाडी भरपूर असतात, पण शेतकऱ्याच्या हाती पैसा आलेला नसल्यामुळे बहुतेक भाडे उधारीवर असते आणि ती उधारी कापूस विकल्यावर फिटते. पार्सलचे काम देणारा कंत्राटदारही महिना उलटल्यावर हिशेब करतो आणि त्याच्या दरात विम्याचा वेगळा विचार कोठेच नसतो. नेमक्या अशा वेळी वीस-बावीस हजार रुपये एका दिवसात उभे करायचे, म्हणजे बचत गट, हातउसने किंवा व्याजाने घेणे हेच मार्ग उरतात. काही जण तारीख टाळतात आणि चार-सहा आठवडे विनाविमा गाडी चालवतात. पकडले गेल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंडाहून मोठा धोका त्या चार-सहा आठवड्यांत होणाऱ्या अपघाताचा असतो.

यात काही सुधारणा झाल्या आहेत, त्यांची नोंद करणे न्यायाचे ठरेल. मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टी हप्त्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्क्यांवरून १२ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. या दुसऱ्या कपातीमुळे १६,०४९ रुपयांच्या हप्त्यावर अकराशे रुपयांहून थोडे अधिक वाचतात. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्याआधी केवळ परवान्याच्या प्रकारावरून अनेक दावे अडत होते. या दोन्ही गोष्टींचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र मूळ दराचा टप्पा या दोन्हींमुळे बदलत नाही.

मालवाहू वाहनांच्या थर्ड पार्टी विम्यात तोटा होतो, असे विमा कंपन्या सांगतात आणि त्यात तथ्य असू शकते. या गाड्यांचा विमा उतरवायला कंपन्या राजी नसत, म्हणून १ एप्रिल २००७ पासून सर्व कंपन्यांचा सामाईक निधी करावा लागला आणि तो मार्च २०१२ पर्यंत चालला, हा इतिहास आहे. दीड टनाच्या गाडीने धडक दिली तरी माणसाचा जीव जाऊ शकतो आणि मृत्यूच्या भरपाईला कायद्यात वरची मर्यादा नाही, म्हणून हप्ता वजनाच्या सरळ प्रमाणात असू शकत नाही, हाही युक्तिवाद मला समजतो. परंतु हा तोटा तीन टनांच्या आतल्या गाड्यांमुळे किती आणि पाच ते सात टनांच्या गाड्यांमुळे किती, हे वेगळे करून दाखवल्याशिवाय सर्वांना एका दराने बांधणे न्याय्य ठरत नाही. नियामकाने स्थापन केलेल्या विमा माहिती विभागाकडे दाव्यांची माहिती जमा होते. तिची अशी वर्गवारी करून ती जाहीर करणे अशक्य नाही. आकडे आमच्या विरोधात गेले तर आम्ही ते मान्य करू.

तीन टनांची रेषाही मी माझ्या सोयीने आखलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिटची गरज नाही. ज्या कायद्याने या गाड्या परमिटसाठी वेगळ्या मानल्या, त्याच कायद्याखाली हप्ता ठरवताना त्या सात टनांच्या ट्रकसोबत बसवल्या जातात. तेव्हा ३,००० किलोपर्यंतचा स्वतंत्र टप्पा करावा, ही आमची पहिली मागणी आहे. विद्युत वाहनांना याच नियमांत १५ टक्के सवलत दिलेली आहे, म्हणजे सवलतीची तरतूद नियमांना परकी नाही. वर्षानुवर्षे एकही दावा न आलेल्या चालकाला थर्ड पार्टीच्या हप्त्यात एक रुपयाचीही सूट मिळत नाही. विनादावा सवलत केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. तीही थर्ड पार्टीला लागू व्हावी.

विम्याची रक्कम एकदम न भरता थोडीथोडी भरण्याच्या सोयीविषयी अडचण अशी सांगितली जाते की विमा कायद्यानुसार पैसे आधी आल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही आणि मध्येच हप्ता चुकला तर रस्त्यावरचा माणूस उघडा पडेल. ही भीती खरी आहे. यावर मला सुचणारा मार्ग असा की गाडीला कर्ज देणाऱ्या बँकेने वर्षाचा हप्ता एकदम कंपनीकडे भरावा आणि तो महिन्याच्या ईएमआयमध्ये वाटून घ्यावा. तसे झाल्यास पॉलिसी वर्षभर अखंड राहील आणि चालकावर एका दिवसाचा भार पडणार नाही. काही खासगी फायनान्स कंपन्या ही सोय देतात, पण त्यावरचे व्याज पाहिले की ती घेण्याचे धाडस होत नाही. जिल्हा सहकारी आणि राष्ट्रीयीकृत बँकांनी ती शेतीकर्जाच्या व्याजदराच्या आसपास द्यावी.

थर्ड पार्टीचे दर बदलताना मंत्रालय आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवते. तो मसुदा इंग्रजी आणि हिंदीत असतो, मुदत थोडी असते आणि आमच्यासारख्यांपर्यंत ती बातमी पोहोचेपर्यंत दर लागू झालेले असतात. पुढील मसुदा निघेल तेव्हा त्यातील मालवाहू वाहनांचे दर, हरकती पाठवण्याचा पत्ता आणि शेवटची तारीख आपल्या दैनिकाने मराठीत ठळकपणे छापावी, ही विनंती. घाटंजी, राळेगाव आणि केळापूर तालुक्यांतील गाडीमालकांच्या सह्यांची हरकत लिहून त्या मुदतीत पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक मालवाहू वाहनधारक
ता. केळापूर, जि. यवतमाळ