डॉक्टरीणबाई, तुमच्या त्या वाकड्या तोंडाबद्दल

डॉक्टरीणबाई, सप्रेम नमस्कार.

रविवारी आमच्या रामबागेतल्या घरी पोहे-जिलबी आली आणि नातीने खालचा जबडा पुढे आणायला दातांवर बसवलेल्या प्लेटा न काढता खाल्लं. (जिलबीचं मनावर घेऊ नका, लगेच ब्रश करायला लावला.) मला भरून आलं. घरात बोललो नाही, म्हणून हे पत्र.

आधी जिथे जात होतो तिथे प्लेटा बसवल्या, ‘सवय होईल’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पोरीचे गाल, कानशिलं रात्री ठणकायची. ती गुपचूप प्लेटा उशीखाली सारायची. पुढच्या वेळी ऐकलं, ‘हट्टी आहे, तुम्हीच लाडावलीय.’ खोटं कशाला बोलू, घरी येऊन मीही ओरडलो तिच्यावर.

तुम्ही तिचा हात आपल्या गालावर ठेवलात आणि दात आवळलेत. स्नायू टरारून फुगला. मग खालचा जबडा पुढे काढून तसंच बोलत राहिलात. शब्द बोबडे, लाळ गळतेय, रुमाल सापडेना! पाच मिनिटांनी म्हणालात, “माझं दुखायला लागलं बाई. तू तर दिवसभर धरतेस.”

तिचं दुखणं खरं आहे, हे तोवर कोणी म्हटलंच नव्हतं. डिग्र्या काय, सगळ्यांच्याच भिंतीवर असतात.

त्यानंतर तुमचं सांगणं तिच्या डोक्यात शिरलं, या रिटायर मास्तराच्याही. ट्विन ब्लॉकचे, म्हणजे याच प्लेटांवरचे, तिरके ठोकळे जबडा पुढे धरतात, कानशिलाचा स्नायू त्याला जुन्या जागी ओढतो, म्हणून ठणका. काही आठवड्यांत मेंदू चावायची नवी जागा शिकतो, स्नायूही हळूहळू नव्या लांबीशी जमवून घेतात. पण रोज काढून ठेवलं की धडा पुन्हा पहिल्या पानापासून. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्कनी १९७७ मध्ये हे ठोकळे केले तेच मुळी दिवसरात्र, जेवतानाही घालता यावेत असे. आणि आम्ही ते उशीखाली ठेवत होतो!

आता घासायला प्लेटा काढल्या तरी तिचा जबडा पुढेच राहतो. म्हणते, “मागे नेला की दुखतं, आजोबा.”

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुमच्याकडून आल्यावर आरशासमोर मीही जबडा पुढे काढून पाहिला. कवळी बेसिनमध्ये पडली. पोरगी पोट धरून हसली, कितीतरी दिवसांनी.

आपला,
एक आजोबा, इंदूर