संपाच्या दिवशी प्रवास शेवटाकडून आखा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली बारा वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, बोर्नमथला राहते आणि तुमचा पेपर रोज ऑनलाइन वाचते. इथे रेल्वेचा संप झाला की आपल्याकडच्या पेपरांत साधारण एकच बातमी येते, ब्रिटनची रेल्वे ठप्प, प्रवाशांचे हाल. मग आम्हाला फोन सुरू होतात, कुणाची मुलगी साउदॅम्प्टनला शिकतेय, कुणाचे आईवडील पुढच्या आठवड्यात हीथ्रोला उतरणारेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच की आता तिकीट रद्द करायचं का. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. पण त्यासाठी दोनचार गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात आणि अशा बातमीत त्या कधीच नसतात, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, पण शक्य तेवढं छापा ही विनंती.

पहिली गोष्ट म्हणजे संप कुणाचा आहे ते बघा. इथे रूळ, सिग्नल आणि स्टेशनांची मालकी नेटवर्क रेलकडे आणि गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. २०२२ च्या जूनमध्ये २१, २३ आणि २५ तारखेला आरएमटी या रेल्वे कामगारांच्या युनियनचा जो मोठा संप झाला त्यात सिग्नलवाले पण होते, आणि सिग्नल केबिनमध्ये कुणालाही आणून बसवता येत नाही, त्या त्या भागाचं वेगळं ट्रेनिंग लागतं. त्यामुळे बदली माणसं दिवसाच्या एका पाळीपुरतीच पुरली आणि जिथे गाड्या होत्या तिथे त्या सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा एवढ्यातच धावल्या, त्या पण नेहमीच्या साधारण पाचव्या हिश्शाने. पेन्झान्स आणि आमचं बोर्नमथ इथे तर एकही गाडी आली नाही. याउलट अस्लेफ ही ड्रायव्हरांची युनियन, तिचा संप असला की सिग्नल चालू असतात पण ज्या कंपनीचे ड्रायव्हर बाहेर त्या कंपनीच्या गाड्या बंद किंवा अगदी थोड्या, आणि त्याच रुळावर दुसऱ्या कंपनीची गाडी जाऊ शकते. आणि लंडनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, हे आणखी तिसरं प्रकरण. २०२५ च्या सप्टेंबरात ट्यूब चार दिवस जवळपास बंद होती तेव्हा एलिझाबेथ लाइन आणि ओव्हरग्राउंड या लंडनच्याच दुसऱ्या रेल्वे चालूच होत्या. म्हणजे "रेल्वेचा संप" एवढंच वाचून काही कळत नाही.

माझे सासूसासरे नेमके २३ जून २०२२ ला हीथ्रोला उतरणार होते. विमानाची तिकिटं मार्चमध्येच काढलेली. संपाच्या तारखा जाहीर झाल्या ७ जूनला, म्हणजे पहिल्या संपाच्या बरोबर दोन आठवडे आधी, कारण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे युनियनला १४ दिवसांची नोटीस द्यावीच लागायची. आमचा नेहमीचा मार्ग म्हणजे हीथ्रोहून वोकिंगला कोच (म्हणजे लांब पल्ल्याची बस) आणि वोकिंगहून बोर्नमथची ट्रेन. मी आठवडाभर वाट बघत बसले की बोलणी होतील, संप मागे घेतील, आणि तिथेच चूक केली. आठव्या दिवशी हीथ्रोहून थेट बोर्नमथला येणारे कोच बघितले तर दुपारचे सगळे भरलेले, संध्याकाळच्या एकात शेवटच्या दोन सीट मिळाल्या त्या पण महाग. ते दोघं साडेबाराला सामान घेऊन बाहेर आले आणि संध्याकाळपर्यंत एअरपोर्टवर बसून राहिले, सासरे तेव्हा ७१ वर्षांचे. ते दोघं एका शब्दाने काही बोलले नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं, कारण ते टाळता आलं असतं. तारीख जाहीर झाली त्याच रात्री सीट बुक केल्या असत्या तर दुपारी चहाला ते घरी असते.

तेव्हापासून मी प्रवास उलटा आखते, आणि हे मला सगळ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. आपण सवयीने सुरुवातीपासून बघतो, हीथ्रोहून लंडन कसं गाठायचं वगैरे. पण लंडनच्या आसपास काही ना काही मिळतंच, बस असते, ट्यूब असते, रात्रभर चालणाऱ्या बसेस असतात. अडकायला होतं ते शेवटच्या तुकड्यात, म्हणजे डॉर्सेट, हॅम्पशर, ससेक्समधल्या छोट्या गावात शिरताना, कारण तिथली शेवटची बस संध्याकाळी लवकरच निघून जाते आणि रविवारी तर कित्येक मार्गांवर बसच नसते. म्हणून आधी घराजवळच्या स्टॉपची शेवटची बस किती वाजता ते लिहून घ्या, मग ती पकडायला मोठ्या गावात किती वाजता पोचायला हवं ते, आणि असं करत मागे एअरपोर्टपर्यंत या. मध्ये जिथे बदल आहे तिथे निदान एक गाडी चुकली तरी चालेल एवढी जागा ठेवा. हे सगळं कागदावर लिहा, फोनची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपते.

आता कंपन्यांचं बघा. अस्लेफने २०२४ च्या सुरुवातीला एकाच दिवशी देशभर संप न करता कंपन्यांना आलटून पालटून दिवस दिले होते. ३० जानेवारीला दक्षिणेकडच्या साउथ वेस्टर्न, सदर्न, साउथईस्टर्न, थेम्सलिंक यांचे ड्रायव्हर संपावर, आणि ग्रेट वेस्टर्न आणि क्रॉसकंट्रीवाले थेट ५ फेब्रुवारीला. लंडनहून एक्सेटरला जायला दोन वाटा आहेत, वॉटर्लू स्टेशनहून सॉल्सबरीमार्गे साउथ वेस्टर्नने किंवा पॅडिंग्टन स्टेशनहून ग्रेट वेस्टर्नने. म्हणजे एका दिवशी ही वाट बंद आणि पुढच्या आठवड्यात ती. गॅटविक विमानतळाचं तसंच, लंडन आणि ब्रायटनकडून सदर्न आणि थेम्सलिंक, पण रेडिंग गिल्डफर्डकडून येणारी गाडी ग्रेट वेस्टर्नची. रेडिंगला तर लंडनहून तीन रस्ते, पॅडिंग्टनची फास्ट गाडी, वॉटर्लूची हळू जाणारी आणि एलिझाबेथ लाइन, आणि एलिझाबेथ लाइनला रेडिंगपर्यंत काँटॅक्टलेस बँक कार्ड चालतं पण लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड नाही चालत, यात पुष्कळ पाहुणे फसतात. फक्त एक लक्षात ठेवा की स्वस्तातल्या तिकिटावर बरेचदा एकाच कंपनीचं किंवा एकाच मार्गाचं नाव असतं, ते दुसरीकडे आपोआप चालत नाही. संपाच्या दिवशी कंपन्या कधी कधी एकमेकींची तिकिटं चालवून घेतात पण ते जाहीर झालंय का हे बघूनच गाडीत चढा.

आणि जर्नी प्लॅनरवर, म्हणजे गाड्यांच्या वेळा शोधायच्या वेबसाइटवर, लगेच विश्वास ठेवू नका. संप जाहीर झाला तरी त्या दिवसाचं बदललेलं टाइमटेबल बरेचदा अगदी शेवटच्या काही दिवसांत टाकतात, तोपर्यंत प्लॅनर नेहमीच्याच गाड्या दाखवत बसतो आणि नवखा माणूस म्हणतो की अरे गाडी तर दिसतेय! दिसते, पण धावणार नसते. उलट बाजूने पण हेच होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात ५, ७ आणि ९ तारखेचे संप ४ तारखेला मागे घेतले, सगळ्यांना वाटलं सुटलो, पण ड्रायव्हर, गार्ड आणि डबे सगळ्यांच्या पाळ्या कमी गाड्यांच्या हिशोबाने लावून झाल्या होत्या, त्या एका रात्रीत परत जागेवर येत नाहीत. म्हणून संप मागे घेतला असं ऐकलं तरी काढलेलं कोचचं तिकीट घाईने रद्द करू नका.

संपाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ ही आणखी एक फसवी जागा आहे. गाड्या डेपोत असतात, सिग्नलवाले सकाळच्या पाळीला येतात आणि मग हळूहळू सगळं सुरू होतं. माझा भाचा ब्रायटनला शिकत होता, त्याचं गॅटविकहून सकाळचं विमान नेमकं अशाच दिवशी, संप कालच संपला असं म्हणून तो पहाटे पाचला स्टेशनवर गेला तर गेटच बंद. तिथे जमलेल्या चौघांनी मिळून टॅक्सी केली म्हणून विमान मिळालं, नाहीतर गेलंच होतं. तसंच ओव्हरटाइम बंदीचं. त्या दिवसांत संप नाही असं वाटतं पण इथल्या पुष्कळ कंपन्यांच्या गाड्या, खास करून रविवारच्या, ड्रायव्हर जादा काम करतात म्हणूनच चालतात, त्यांनी ते बंद केलं की आयत्या वेळी गाड्या रद्द होत जातात. मला विचाराल तर पूर्ण संपाचा दिवस परवडला, तेव्हा निदान काय नाही ते आधी माहीत असतं.

बसबद्दल आपल्या लोकांच्या मनात उगाच अढी असते की वेळ फार लागतो. लागतो, खरंय. पण इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून बसच्या एका फेरीला जास्तीत जास्त २ पौंड आणि जानेवारी २०२५ पासून ३ पौंड असं भाडं बांधून दिलंय, बहुतेक कंपन्या त्यात आहेत, आणि लांबच्या फेरीला पण तेवढंच. ३ जून २०२३ ला ड्रायव्हरांचा संप होता आणि सासूसासरे परत आले होते, आम्ही ट्रेनचा विचारच केला नाही, सरळ एक्स३ बसने बोर्नमथहून रिंगवुडमार्गे सॉल्सबरीला गेलो. वरच्या मजल्यावर पुढची सीट, दोन्हीकडे एव्हन नदीच्या काठची कुरणं, सासूबाई म्हणाल्या की गाडीतून काही दिसलंच नसतं. तिथे १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे, ती सासऱ्यांनी अर्धा तास उभं राहून बघितली. जायला यायला माणशी ४ पौंड. (पाहुण्या आईवडिलांना ज्येष्ठांचा फुकट पास मिळत नाही, तो इथे राहणाऱ्यांनाच. आणि कार्डाने पैसे देणार असाल तर प्रत्येकाचं कार्ड वेगळं ठेवलेलं बरं, लंडनच्या बसमध्ये तर रोख पैसे २०१४ पासून चालतच नाहीत.) सॉल्सबरीहून साउदॅम्प्टनला एक्स७ आहे, साउदॅम्प्टनहून विंचेस्टरला ब्लूस्टार कंपनीची १ नंबर आहे, ब्रायटनहून ईस्टबोर्नला १२ नंबर. अशा बसेस जोडत खूप लांब जाता येतं, फक्त दिवसाउजेडी निघा.

कोच मात्र वेगळा. नॅशनल एक्सप्रेस, फ्लिक्सबस या लांब पल्ल्याच्या गाड्या त्या ३ पौंडांत येत नाहीत, सीट आधी बुक करावी लागते आणि संपाची तारीख आली की भराभर भरतात. लंडनचं कोच स्टेशन व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशनपासून थोडं चालत अंतरावर आहे, एकाच इमारतीत नाही, बॅगा असतील तर त्याला वेळ धरा. आणि रूळ दुरुस्तीच्या वेळी रेल्वे स्वतः बदली बसेस सोडते तशा संपाच्या दिवशी बहुतेक नसतात, स्टेशनबाहेर त्यांची वाट बघत उभे राहू नका.

पैशांचं थोडक्यात सांगते. तुमची गाडी रद्द झाली आणि तुम्ही प्रवास केलाच नाही तर तिकीट कुठल्याही प्रकारचं असो, अगदी स्वस्तातलं अॅडव्हान्स पण, पूर्ण पैसे परत मिळायला हवेत आणि त्यात कुठलीही फी कापायची नाही, हा नियम आहे. मागायचे मात्र जिथून तिकीट घेतलं तिथेच. माझ्या वोकिंग बोर्नमथच्या तिकिटांवर एका वेबसाइटने आधी फी कापली होती, मी नियम लिहून परत मेल टाकली तेव्हा ती परत आली. दोन मेल आणि तीन आठवडे लागले पण आली. रक्कम छोटी म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक, हे मनापासून लिहितेय. आपल्याकडच्या बातम्यांत संपकरी म्हणजे प्रवाशांना वेठीला धरणारे असा सूर असतो. मी माझ्या स्टेशनवरच्या गार्डांशी बोललेय, करोनात सगळे घरी बसले होते तेव्हा ही माणसं रोज कामावर येत होती आणि नंतर महागाई वाढत असताना कित्येकांचा पगार वर्षानुवर्षं तिथेच राहिला. ड्रायव्हरांचा तो वाद २०२४ च्या सप्टेंबरात तीन वर्षांच्या मिळून १५ टक्के वाढीवर मिटला, दोन वर्षांहून जास्त चाललेला. त्या काळात माझे पण हाल झाले, तरी मला त्यांचा राग येत नाही, ते निदान आधी तारीख सांगून संप करतात आणि त्या तारखेचा उपयोग करून घेणं आपल्या हातात असतं.

म्हणून तुम्हाला विनंती आहे की पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा त्यात तीन ओळी वाढवा, संप सिग्नलवाल्यांचा की ड्रायव्हरांचा, कोणत्या कंपन्यांचा कोणत्या तारखेला, आणि आदल्या व दुसऱ्या दिवशी काय परिणाम. दर सप्टेंबरला आपली शेकडो मुलं पहिल्यांदा इथे येतात, जुलैमध्ये त्यांचे आईवडील पदवीदानाला येतात, त्यातले बरेच जण तुमचा पेपर वाचूनच निघतात. आणि कुणी वाचक आमच्या किनाऱ्याकडे येणार असेल तर बोर्नमथ, साउदॅम्प्टन, सॉल्सबरी या भागातल्या बसेसची माहिती मी आनंदाने देईन, माझा मेल आयडी तुमच्या ऑफिसकडे आहेच, त्यांच्यापर्यंत पोचवा.

आपली,
एक वाचक, बोर्नमथ