लग्न पलीकडे, तक्रार अलीकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या गावातील एक भगिनी पोलीस ठाण्यातून रडत परतल्या. पतीने महाराष्ट्रात जाऊन दुसरे लग्न केल्याची तक्रार घेऊन त्या गेल्या होत्या आणि ‘लग्न तिकडे झाले आहे, तिकडेच जा’ एवढेच उत्तर त्यांना मिळाले. हेच वाक्य 2023 साली मलाही ऐकवले गेले होते आणि त्यावर विश्वास ठेवून मी सहा महिने वाया घालवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात माझे सासर आहे. चंदगड तालुक्याची हद्द आमच्या शिवाराला लागून असल्याने रोटीबेटीचे व्यवहार दोन्हीकडे पूर्वापार चालत आले आहेत. माझे पती कोल्हापूरला एका फाउंड्रीत कामाला होते. पंधरा दिवसांनी शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परतायचे. कर्नाटक सरकारच्या, घरच्या बाईला दरमहा पैसे देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेच्या अर्जाला पतीचे आधार कार्ड लागत होते, तेव्हा त्यांनी मोबाईलवर पाठवलेला कार्डाचा फोटो घेऊन मी गावातल्या ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात गेले. तिथल्या मुलाने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, ‘अक्का, ह्यांचा पत्ता महाराष्ट्रातला झालाय की.’

पुढच्या गुरुवारी निपाणीपर्यंत कर्नाटकात बायकांना मिळणाऱ्या मोफत ‘शून्य तिकिटा’वर आणि तिथून एसटीने मी त्या पत्त्यावर पोहोचले. दार उघडणाऱ्या बाईंच्या कडेवर दीड वर्षाचे मूल होते आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीवर मुंडावळ्या बांधलेल्या माझ्या पतीचा फोटो होता. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी आधी मला पाण्याचा तांब्या दिला आणि मग त्या उंबऱ्यातच मटकन खाली बसल्या. मुलगा अविवाहित आहे, असे त्यांच्या घरच्यांना सांगण्यात आले होते आणि विवाह नोंदणीच्या अर्जातही तसेच लिहिले होते. त्यांच्याविषयी माझ्या मनात त्या दिवशीही राग नव्हता. राग होता तो त्या लग्नात अक्षता टाकून आलेल्या आमच्याच भावकीतील चौघांचा, कारण त्यानंतरची दिवाळी त्यांनी माझ्याच घरी फराळाला बसून साजरी केली होती.

पुढे ‘पदरात घे’, ‘मुलीच्या लग्नात आडवे येईल’ असे सांगणारे पुष्कळ भेटले, पण कायदा काय म्हणतो हे कोणीच सांगितले नाही. ते मला समजले तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या वकील बाईंकडून. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हेसुद्धा मला तिथेच कळले. पहिली पत्नी हयात असताना व घटस्फोट झालेला नसताना केलेले दुसरे लग्न हिंदू विवाह कायद्याने मुळातच रद्दबातल ठरते. त्याला 7 वर्षांपर्यंत आणि पहिले लग्न दुसऱ्या पत्नीपासून लपवले असल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे पत्नीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद द्यावी लागते हे खरे, पण त्यासाठी तिला लग्नाच्या ठिकाणी जाण्याची गरज नाही. पती-पत्नी शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे, किंवा पहिली पत्नी दुसऱ्या लग्नानंतर जिथे कायम वास्तव्य करते तिथेही खटला चालू शकतो. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 182 मध्ये होती आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 202 मध्येही ती कायम आहे. मग ‘तिकडेच जा’ हे उत्तर कशाच्या आधारावर दिले जाते?

खरी अडचण पुराव्याची असते. भाऊराव लोखंडे यांच्या अशाच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्येच स्पष्ट केले की दुसरे लग्न आवश्यक विधींसह लागल्याचे सिद्ध व्हावे लागते, नाहीतर आरोपी सुटतो. म्हणजे हार घातलेला एखादा फोटो पुरत नाही. सप्तपदी पाहिलेला माणूस साक्षीला उभा राहावा लागतो. अक्षता टाकायला गेलेल्या चौघांपैकी एकही अजून उभा राहिलेला नाही. सप्तपदीचे फोटो मला दिले ते त्या दुसऱ्या बाईंनीच. त्यांच्या लेकराचा यात काडीचाही दोष नाही आणि हिंदू विवाह कायद्याचे कलम 16 त्याला औरस मानते, हे मी आमच्या गावात चारचौघींत मोठ्याने सांगते.

मी सासरचे घर सोडलेले नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिथे राहण्याचा आदेश मी मिळवला आहे. माहेरी भावांनी 20 गुंठे माझ्या नावावर करून दिले, त्यात मी रताळी लावते. पहिल्या वर्षी वेल लावताना चिखलात हात घातले की रडू यायचे आणि वरून पाऊस पडत असल्यामुळे ते कोणाला दिसत नसे. या नवरात्राच्या तोंडावर मात्र मार्केट यार्डात माझी पोती माझ्या नावाने उतरली आणि पट्टीवर माझे नाव बघून मुलीने तो कागद वहीत जपून ठेवला.

1946 साली मुंबई प्रांताने द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला, तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच प्रांतात होता. 1956 साली आमची हद्द बदलली, म्हणून आमचे संरक्षण कमी व्हावे का? दोन्ही राज्यांत विवाह नोंदणीचे स्वतंत्र कायदे आहेत, पण एका राज्यातील नोंद दुसऱ्या राज्यातील निबंधकाला दिसत नाही. ‘अविवाहित’ या शब्दाची पडताळणी निदान सीमेलगतच्या जिल्ह्यांपुरती तरी दोन्ही सरकारांनी सुरू करावी. तोपर्यंत प्रत्येक पोलीस ठाण्यात ‘दुसऱ्या लग्नाची फिर्याद इथल्याच न्यायालयात देता येते’ एवढा फलक कन्नड व मराठीत लावावा. त्याला खर्च असा काहीच नाही.

त्या भगिनींना घेऊन मी सोमवारी विधी सेवा समितीत जाऊन आले. लग्नाचा फोटो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. त्यांची फिर्याद आता आपल्याच तालुक्यात दाखल होत आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, बेळगाव तालुका
(कृपया नाव छापू नये.)